दुचेच्या नावानं

तीनशे मराठे गडी एका दमात 'दुचे!' म्हणाले आणि छावणीच्या काटेरी तारेवर बसलेला कावळासुद्धा उडाला नाही.

लाकडी खोक्यावर उभ्या असलेल्या कप्तान ब्राकीनं डोळे मिटून घेतले. अंगात काळा सदरा, डोक्यावर काळी गोंड्याची टोपी. तो रागावला की आधी टोपीचा गोंडा हलायचा आणि मग तो स्वतः. त्यानं छडी खोक्यावर आपटली आणि इटालियनमध्ये बरंच काही बोलला. शेजारी उभ्या असलेल्या प्रोफेसर सांतोरोंनी ते मराठीत आणलं.

"हे बंदिजनहो! कप्तानमहोदय विचारतात की, ही गर्जना आहे की प्रेतयात्रा?"

"परत म्हणायचं का, शास्त्रीबुवा?" मी विचारलं.

"म्हणावे. परंतु हर्षभराने म्हणावे."

आम्ही हर्षभरानं म्हणालो. या खेपेला कावळ्यानं मान वळवून आमच्याकडे पाहिलं, एवढाच फरक.

ही गोष्ट त्रेचाळीस सालातल्या फाल्गुनातली. जागा म्हणजे इटलीच्या डोंगरातली कैद्यांची छावणी. आणि दुचे म्हणजे इटलीचा तेव्हाचा हुकूमशहा. आदल्या उन्हाळ्यात लिबियाच्या वाळवंटात जर्मनांच्या रणगाड्यांनी आमच्या पलटणीला घेरलं आणि बोटीत कोंबून आम्हाला इकडं आणलं. पन्नास वर्षं मी ही लढाई सांगतोय आणि दर वेळी रणगाडे वाढत गेलेत, हे मला मान्य आहे. सुरुवातीला ते अकरा होते. परवा नातवाच्या शाळेत सांगितलं तेव्हा चारशेवर गेले. पण आज जे सांगतोय त्यात वाढवायला मला कुणी जागाच ठेवली नाही.

कप्तान ब्राकी प्रचारखात्याचा. छावणीत सगळं किती झकास चाललंय हे जगाला दाखवणं, हे त्याचं काम. आल्या आल्या त्यानं आमच्या जेवणाचा फोटो काढला होता. लांबलचक टेबल, त्यावर पांढरे पाव, द्राक्षांचे घड, मधोमध भाजलेली कोंबडी. फोटो निघाला आणि शिपाई पाव मोजून परत घेऊन गेले. कोंबडी तर लाकडाची होती. माझ्याच वाडीच्या शिदूनं तिच्या तंगडीला चावा घेतला म्हणून ते कळलं.

दर सोमवारी छावणीच्या भिंतीवर मराठी वर्तमानपत्र लागायचं. एकच पान, हातानं लिहिलेलं, अक्षर प्रोफेसर सांतोरोंचं आणि मजकूर कप्तानाचा. त्यात इटलीची फौज कधी मागं हटत नसे. ती 'आगामी विजयास्तव पाठीमागे सरसावत' असे. त्याआधी वाळवंटात आम्ही इंग्रजांचा रेडिओ ऐकला होता, तोही ह्याच घाटाचा. दोघांचं ऐकलं तर आम्ही दोन्ही बाजूंनी जिंकत होतो आणि तरीही कैदेत होतो.

सांतोरो मूळचे नेपल्सच्या विद्यापीठातले, आपल्या भाषांचे पंडित. किडकिडीत अंग, चष्म्याची एक काच तडकलेली, कोटाच्या बाहीवर शाईचे डाग. सरकारनं उचलून त्यांना दुभाषी केलेलं. पहिल्याच दिवशी कप्तानासमोर त्यांनी सांगितलं होतं, "आपली भाषा मी ग्रंथांतून शिकलो. आपला प्रदेश पाहण्याचे भाग्य लाभले नाही." त्यांची भाषा ऐकून आम्हाला ते पटलंच. नावात 'सांतोरो' आहे म्हणून पोरांनी त्यांना सातारकरशास्त्री करून टाकलं होतं.

मी स्वयंपाकघरात कामाला होतो. तिथं राबून राबून मला इटालियन कळू लागली होती, बोलता मात्र यायची ती कांदे-बटाट्यांपुरती. एकदा सांतोरो कॉफी प्यायला आले होते. कॉफी म्हणजे जळक्या जवांचं पाणी. मी सहज विचारलं, "शास्त्रीबुवा, तुमच्या घरात अजून कुणी असं लिहिणारं आहे का?"

"माझे बंधू मुद्रक होते. त्यांचे मुद्रणालय होते, वृत्तपत्र होते. एके दिवशी जे घडले तेच त्यांनी छापले."

"मग?"

"मग सरकारने त्यांना एका बेटावर पाठविले. हवापालटासाठी."

"किती दिवस झाले?"

त्यांनी चष्मा पुसला. "दिवस नव्हे. वर्षे विचारावी," म्हणाले आणि कॉफी तशीच ठेवून गेले.

तर त्या दिवशी कप्तानानं एक मोटारगाडी आणली होती. तिच्यात तबकड्या भरायचं यंत्र होतं. आमचा आवाज तबकडीवर जाणार, तबकडी रोमला जाणार आणि रोमच्या रेडिओवरून हिंदुस्थानात ऐकू येणार. कप्तानाचा सौदा साधा होता. आधी दुचेंच्या नावाची अशी गर्जना करायची की रोमच्या साहेबांनी खुर्चीवरून उठलं पाहिजे. ती जमली तर त्याच तबकडीवर पाच जणांना आपलं नाव-गाव सांगता येईल. नाही जमली तर मोटार परत जाईल.

या पाच नावांवर शिदू मोहित्याचा संसार टांगला होता.

चार दिवसांपूर्वी मला वडिलांचं पत्र आलं होतं. दिवाळीनंतर लिहिलेलं, ते फाल्गुनात पोचलं. त्यात लिहिलं होतं, 'शिदू मोहिते मेला असे सरकारातून कळले. त्याच्या सासऱ्याने हौसाचा पाट लावायचे ठरविले आहे. स्थळ बिजवर आहे, पण पोटापाण्याला बरा आहे. अक्षयतृतीयेचा मुहूर्त धरला आहे.' झालं होतं असं की, इटालियन कारकुनानं शिदूचं नाव यादीत 'सीतो मोइती' असं चढवलं होतं. त्या नावाचा माणूस आमच्या पलटणीत नव्हताच, आणि शिदू मोहिते कुठल्या यादीत नव्हता. मी उत्तर टाकलं तर ते जायला चार महिने. अक्षयतृतीया दीड महिन्यावर.

पत्र वाचून शिदू तीन दिवस जेवला नव्हता. आमच्या छावणीत न जेवणं सोपं होतं, पण तरी.

ऊन उतरताना कप्तानानं तासाभराची सुट्टी दिली. आम्ही बराकीत आलो. हवालदार मेजर खाशाबा निकम खाटेवर बसले. आमच्यात सगळ्यात वडीलधारा माणूस तो. मिशा अशा की त्यांच्यावर दोन्ही बाजूंना कपडे वाळत घालावेत.

"मेजरसाब," मी म्हणालो, "तुम्ही सगळ्यांस्नी दबकत वरडायला सांगितलंय, व्हय का न्हाई?"

"सांगितलंय. मग?"

"मग शिदूच्या बायकूचं काय?"

मेजरसाब शिदूकडे बघेनात. "हे बघ हैबती. त्या टकल्याचा जयजयकार रेडिओवरून आपल्या मुलखात गेला, तर उद्या परत जाऊन गावात तोंड कुठं दाखवशील? तुझा बाप पेन्शनर. त्याला चावडीवर लोकं काय म्हणतील? पोरगं दोन पावांपायी फितूर झालं म्हणतील."

"पाव बी परत घेतात की," कुणीतरी मागून बोललं.

शिदू उठला. "ऱ्हाऊ दे, मेजरसाब. माझ्यापायी तीनशे जणांच्या नावाला बट्टा नगं. हौसा सुखात पडंल. बिजवर हाय, पण म्हशी हायत्या म्हणं त्याच्याकडं चार."

आणि तो भिंतीकडं तोंड करून बसला. मला ते सहन होईना म्हणून मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. डोंगरावर दिवसाढवळ्याच चांद आला होता. जवळजवळ पुरा गोल.

"मेजरसाब, आज तीथ कोणती?"

मेजरसाब चंद्रावरून तिथी सांभाळायचे. खाटेच्या लाकडावर नखानं रेघा ओढलेल्या असत. त्यांनी मोजल्या. "चतुर्दशी. उद्या पुनव. का रं?"

"फाल्गुनातली?"

"फाल्गुनातली."

मी त्यांच्या कानाशी गेलो आणि बोललो. फार नाही, दोन वाक्यं. मेजरसाबांच्या मिशा आधी थरथरल्या, मग पसरल्या, मग त्यांच्या आडून दात दिसले. पलटणीत त्यांचे दात पाहिलेला माणूस तोवर नव्हता.

"हैबती, लेका, गोळ्या घालतील आपल्याला."

"कळलं तर घालतील."

"सातारकराला कळंल की!"

"ते ग्रंथातनं शिकल्यात, मेजरसाब. ग्रंथात हे असतंय व्हय?"

मी कप्तानापुढं गेलो. टाच जुळवली. म्हणालो, "साहेब, आमची माणसं अशी रोज उठून गर्जना करत नाहीत. आमच्याकडं त्याचा एक दिवस असतो. अंगणात मोठा जाळ करायचा, सगळ्या गावानं भोवती उभं राहायचं आणि नाव घेऊन अशी गर्जना करायची की चार कोसांवर ऐकू जावी. तो दिवस उद्या आहे."

सांतोरो ऐकता ऐकता थांबले. तडकलेल्या काचेतून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. चेहरा भिंतीवरच्या वर्तमानपत्रासारखा, काहीच न कळणारा. मग त्यांनी ते कप्तानाला सांगितलं. कप्तानाचा गोंडा आनंदानं हलला.

"काय काय लागेल?"

"लाकडं, साहेब. बस, लाकडं."

सांतोरोंनी खिशातून वही काढली, काहीतरी लिहिलं आणि कागद कप्तानाच्या सहीला दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आला. दोन गाड्या भरतील एवढी लाकडं, आणि वर एक पोतं हरभरे, एक पोतं पीठ, अर्धं पोतं साखर. वेलची नव्हती, पण कागदाच्या पुडीत जायफळ होतं.

"हे रं कुणी मागितलं?" मेजरसाबांनी विचारलं.

"कप्तान खूश झाला असंल," मी म्हणालो. भुकेल्या माणसाला पोत्याचं मूळ शोधायची सवय नसते.

मग जे झालं ते बघायला तुम्ही पाहिजे होता. हरभरे दगडांनी भरडून, पाखडून आम्ही डाळ केली. ती माझ्याच हाताखाली शिजली. पुरण वाटायला पाटा नव्हता, तर एकानं स्वच्छ धुतलेल्या बाटलीनं ते रगडलं. पोळ्या लाटल्या बंदुकीच्या पेटीच्या झाकणावर आणि भाजल्या पत्र्यावर. वास सुटला तसे पहारेकरी एकेक करून तारेजवळ यायला लागले. एकानं तर पोळीच्या बदल्यात मला आपली शिट्टी देऊ केली. त्या दिवशी तीनशे माणसांनी मिळून नऊशे पोळ्या खाल्ल्या. नऊशे म्हणजे पाचशे तरी खाल्ल्याच. शिदूनंही खाल्ली, एकच, पण बोटं चाटून.

ऊन कलायला लागलं तसा मैदानात जाळ पेटला. जाळाच्या पलीकडं कप्तानानं दुचेंची पुरुषभर उंचीची तसबीर उभी केली होती. पुढं आलेली हनुवटी, छातीवर हात. ज्वाळांच्या झळीनं हनुवटी हलल्यासारखी वाटत होती. जाळाच्या अलीकडं माइक. मोटारीत यंत्रवाला बसला होता, त्यानं हात वर केला. तबकडी फिरायला लागली.

मी पुढं झालो. कैदेत पडल्यापासून छातीत साठवलेला सगळा वारा गोळा केला आणि ओरडलो, "दुचेच्या नावानं..."

तीनशे हात एकदम तोंडावर गेले, पालथे.

"बोऽऽऽ बोऽऽऽ बोऽऽऽ!"

मी तुम्हाला शपथेवर सांगतो, अशी बोंब आमच्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या झाली नव्हती. पलीकडच्या डोंगरावरचा बर्फ सुटला. खालच्या गावातल्या देवळाची घंटा आपोआप वाजली. आणि तारेवरचा कावळा जो उडाला तो, माझ्या माहितीप्रमाणे, परत इटलीत आला नाही. बराकीतले कुणी आजारी पडलेले, कुणी लंगडे, तेही खाटा सोडून दारात येऊन तोंडावर हात मारत होते. मेजरसाब निकम मिशा आवरून बोंबलत होते. सरकारी कागदात मेलेला शिदू तर सगळ्यांच्या वर बोंबलत होता.

"परत!" मी ओरडलो. "त्याच्या पोराबाळांच्या नावानं, त्याच्या काळ्या सदऱ्याच्या नावानं..."

"बोऽऽऽ बोऽऽऽ बोऽऽऽ!"

बोंब थांबली. लाकडं तडतडत होती. कप्तान ब्राकी खोक्यावर दगडासारखा उभा. मग तो सावकाश सांतोरोंकडं वळला आणि म्हणाला, "प्रोफेसर, हे तोंडावर हात मारणं... याचा अर्थ काय?"

एवढी इटालियन मला कळत होती. रोमच्या रेडिओसाठी मराठी तपासणारा माणूस एकच होता, आणि तो हा, आमच्यासमोर उभा. त्यानं खरं सांगितलं तर आम्ही गेलो. खोटं सांगितलं आणि पुढं कधी उघडकीला आलं, तर तो गेला.

सांतोरो वर्गात शिकवावं तसं, शांतपणे बोलू लागले. "कप्तानमहोदय, या लोकांत फार जुनी रीत आहे. ज्याचं नाव वर्षभर छातीवर धोंड्यासारखं बसलेलं असतं, पण उघड घेता येत नाही, त्याचं नाव आजच्या दिवशी अग्नीसमोर मोठ्यानं घ्यायचं आणि छाती मोकळी करायची."

कप्तानाचे डोळे भरून आले. "वर्षभर? यांच्या छातीवर? दुचे?"

"वर्षभर," सांतोरो म्हणाले. "काहींच्या छातीवर तर वीस वर्षं."

आम्हाला कैदेत पडून वर्षही झालं नव्हतं. वीस वर्षं कुणाची, हा हिशेब मला तेव्हा सुचला नाही. मी जिवंत आहे याच आनंदात होतो.

कप्तानानं खाली उडी मारून मला मिठी मारली. "नावं! आता नावं घ्या! यांनी जे मागितलं ते मिळेल!"

चौघांची नावं झाली. पाचवा शिदू. माइकपुढं उभा राहिला आणि घडघडा बोलला, "मी शिदू रामजी मोहिते, मुक्काम वाघजाईवाडी, तालुका पाटण. मी जित्ता हाय. आमच्या... आमच्या घरातनं ऐकत असंल तर..." आणि अडकला.

"नाव घे की!" मी दबक्या आवाजात म्हणालो.

"चारचौघांत बायकूचं नाव कसं घेऊ रं?"

"लेका, चौघं न्हाईत, तीनशे हायत! आन् वर सगळा हिंदुस्थान! तबकडी संपतीया, घे!"

शिदूनं डोळे मिटले. कान लालबुंद. "हौसाऽऽ!" तो असा ओरडला की यंत्रवाल्यानं कानावरची टोपणं काढून फेकली. "हौसा, म्या हाय गं! पाटबिट करू नगंस! म्हशी आपुन बी घिऊ!"

तीनशे माणसं हसली. ते हसूही तबकडीवर गेलं.

यंत्रवाला सुई उचलणार तेवढ्यात कप्तान ओरडला, "थांब!" त्याला राहवेना. त्यालाही छाती मोकळी करायची होती आणि रोमच्या साहेबांना आपला आवाज ऐकवायचा होता. तो माइकपुढं आला, तसबिरीकडं तोंड केलं, टाच जुळवली आणि पूर्ण गणवेशात, गोंड्यासकट, दुचेच्या नावानं बोंबलला. तळहातानं. त्यामुळं आवाज फसकन् बाहेर यायचा, फुटक्या भात्यासारखा. मेजरसाब निकमांनी हसू दाबायला ओठ असा चावला की पुढं आठवडाभर त्यांना आमटी झोंबली.

"आता तुम्ही, प्रोफेसर!" कप्तान म्हणाला. "हुकूम आहे!"

सांतोरो जागचे हलले नाहीत. मग हळूच त्यांनी चष्मा काढला, घडी केली, खिशात ठेवला. माइकपुढं आले. जाळाकडं आणि जाळापलीकडच्या त्या हनुवटीकडं पाहिलं. उजवा हात वर केला आणि पालथा केला.

हात पालथा करायला मी त्यांना शिकवलं नव्हतं. कुणीच शिकवलं नव्हतं.

त्यांनी नाव घेतलं नाही कुणाचं. नुसतेच बोंबलले. बेंबीच्या देठापासून, लांबलचक, एकटेच. कप्तानाला ती भक्ती वाटली असेल. आम्हा तीनशेजणांना मात्र नाही वाटली. अशी बोंब मी लहानपणी एकदाच ऐकली होती, ज्याचं घर जळालं होतं त्या माणसाची. पण त्या माणसाला बोंब मारून झाल्यावर हसू आलं नव्हतं. सांतोरोंना आलं. ओल्या डोळ्यांनी, पोरासारखं, खुदकन हसू आलं.

तबकडी संपली.

मोटारीत सामान चढत होतं. मी एका फडक्यात दोन पोळ्या बांधून सांतोरोंना द्यायला गेलो. त्यांनी गाठोडं कोटात सारलं आणि माझ्याकडं न बघता, ओठ न हलवता म्हणाले, "पुरण पातळ झालं गड्या. कट नीट काढला न्हाईस."

आणि मोटारीत जाऊन बसले.

मी तिथंच उभा राहिलो. हरभरे मी मागितले नव्हते. जायफळ तर नव्हतंच नव्हतं. मी फक्त 'जाळ' म्हणालो होतो आणि या माणसानं वहीत पुरणाचा सगळा जिन्नस लिहून दिला होता. डाळ शिजल्यावर वरचं पाणी काढायचं, त्याला कट म्हणायचं, हे कुठल्याच ग्रंथात नसतं. कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी माउलीनं त्याला चुलीपुढं बसवून ऊन ऊन वाढलं असणार. कुठल्या, ते त्यानं सरकारलाही सांगितलं नव्हतं आणि आम्हालाही नाही.

त्याच उन्हाळ्यात दुचेंची खुर्ची गेली आणि पावसाळ्याच्या शेवटी छावणीचे पहारेकरी एका सकाळी आपणहून पळून गेले. आम्हीही पळालो, दुसऱ्या दिशेनं. नेपल्सच्या बंदराकडं ट्रकमधून जाताना एका गल्लीत मला चालू छापखान्याचा खडखडाट ऐकू आला आणि दारावर पाटी दिसली, 'सांतोरो'. पाटी खरंच होती की मी ती मागाहून लावली, हे आता माझं मलाच नक्की सांगता येत नाही. खडखडाट मात्र होता.

गावी पोचलो तर हौसा दारातच उभी. पाट मोडला होता. गोठ्यात एक म्हैस होती, तिनं स्वतः घेतलेली. शिदू लाजून आत पळाला आणि मला ओसरीवर बसवून सगळी हकिकत तिनंच सांगितली.

"पाटणच्या डाक्टरांकडं रेडिओ हाय की, भावजी. तीन सांजा लावली तुमची तबकडी त्या लोकांनी. दुसऱ्या सांजंला अख्खी वाडी डाक्टरांच्या अंगणात! माझं नाव आलं तशी मी पदरात तोंड खुपसलं. आबा म्हणला, आता कसला पाट, जावयानं हिंदुस्थानभर बोंबलून सांगितलंय."

"आन् दुचेचं ऐकून कुणी काय म्हणालं न्हाई? आम्ही फितूर झालो म्हणून?"

"फौजदार आला हुता चौकशीला. म्हणला, दुश्मनाचं नाव घिऊन ही काय गर्जना? तर पाटील म्हणला, 'साहेब, समजत नसंल तर तुमच्या नावानं करून दावतो.' त्यो जो गेला, त्यो परत न्हाई आला."

मी हसलो. हौसा मात्र हसेना. तिच्या मनात काहीतरी अडकलं होतं.

"भावजी, तुम्ही समदे कळला. तुमचा आवाज कळला, ह्यांचा कळला. मग एक कुणीतरी शिकाऊ हुता, त्याला येत नव्हतं, सगळं अंगण हसलं त्याला. पर अगदी शेवटाला एकजण हुता बघा. एकटाच. त्याचं आयकून बाया रडल्या. त्यो कुठल्या गावचा?"

"लांबचा हाय."

"असू द्या की लांबचा. औंदाच्या शिमग्याला बोलवा त्याला. पुरण मी घालते."

"घाल," मी म्हणालो. "पर कट नीट काढ. त्याला कळतंय."